साबणाचं बूच

साबळे मॅडम गाडी मागे घ्यायला लागल्या की पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतली रहदारी आपोआप थांबायची. आरशावर त्यांचा विश्वास नव्हता. अर्धं अंग खिडकीबाहेर काढून, मान वळवून, एका हाताने स्टेअरिंग फिरवत त्या आपली पांढरी चौकोनी गाडी फाटकातून रस्त्यावर आणायच्या आणि तोंडाने चालू असायचं, "थांब रे! दिसत नाय का, बाई येतीय!" गाडी जुनी, कार्बोरेटरची, त्यांच्या मिस्टरांनी हौसेने घेतलेली. मिस्टर गेले, गाडी राहिली. "साहेबांपेक्षा हिनंच जास्त साथ दिली," असं त्या साहेबांच्या फोटोसमोर उभ्या राहून खुशाल म्हणायच्या.

मॅडमनी सगळी नोकरी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात काढली होती. रिटायर झाल्यावर वर्ग सुटला, शिकवणं काही सुटलं नाही. भाजीवाल्याला त्या कांद्यानं डोळ्यात पाणी का येतं ते समजावून सांगायच्या. तो बिचारा मान हलवायचा आणि दोन कांदे जास्त टाकून सुटका करून घ्यायचा. चूक दिसली की गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यामुळे त्यांच्यावर जीव टाकणारे जेवढे, तेवढेच त्यांना बघून घराचं दार लोटून घेणारे. मी मधली. समोरच राहायची, त्यामुळे दार लोटून उपयोग नव्हता.

सगळ्यांत भारी त्यांचं नाक. कुणाच्या कुकरला डाळ लागली, कुणाचं दूध उतू चाललं, त्यांना त्यांच्या अंगणात बसून कळायचं. एकदा कोपऱ्यावरच्या घरात नवे भाडेकरू आले. दुपारी मॅडम भाजी घेऊन परत येत होत्या, त्या घरापाशी थबकल्या आणि सरळ आत शिरल्या. बनियनवर बसलेला तो माणूस "अहो, कोण पाहिजे" म्हणेपर्यंत त्या स्वयंपाकघरात. शेगडी बंद, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या. दिव्याच्या बटणाकडे निघालेल्या त्याच्या बायकोचा हात त्यांनी वरच्या वर धरला. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "मी साबळे. तिकडं राहते. चहा नंतर घेऊ." त्या घरातली गॅसची नळी उंदराने कुरतडली होती.

तर असं हे नाक त्या मोठ्या तापाच्या साथीत गेलं. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. हे मला कसं कळलं, तर त्या माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या होत्या आणि त्यांच्या कोपरापाशी शेगडीवर वांग्याची भाजी करपत होती. मी मागच्या दारात फोनवर. धूर दिसल्यावर मी धावत आले, तर मॅडम बशीतला चहा फुंकत निवांत. मी कढईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं.

"सुनीता," त्या हळू म्हणाल्या, "कुणापाशी बोलू नको."

"अहो पण डॉक्टरला..."

"दाखवलं. येईल म्हणतात, नाय तर नाय. राहुलला कळलं तर गाडी गेली समज."

राहुल त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला असतो. पोरगा गुणी. पण आई या वयात, या गाडीत, एकटी, अजिंठ्याचा घाट उतरते, या एका गोष्टीने त्याची झोप उडाली होती. प्रत्येक फोनचा शेवट "आई, ती गाडी विकून टाक" असा व्हायचा. आणि मॅडमचा प्रत्येक रविवार त्या गाडीवरच उभा होता.

फर्दापूरला त्यांच्या थोरल्या बहीण, कमलाक्का. आई लवकर गेल्यावर याच अक्कांनी शेतात राबून मॅडमना शिकवलं, होस्टेलवर ठेवलं. आता अक्कांची नजर पूर्ण गेली होती आणि पायही. पुतण्याच्या घरात एका खोलीत खाटेवर असायच्या. मॅडम दर रविवारी जायच्या, त्यांना न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या आणि मग पुतण्याच्या मदतीने उचलून गाडीत पुढे बसवायच्या. लेणीच्या फाट्यापर्यंत जायचं, परत यायचं. बस, एवढंच. अक्का खिडकीतून हात बाहेर काढून वारा धरायच्या. "आठ दिवस ती त्या अर्ध्या तासासाठी जगती," मॅडम म्हणायच्या. "मी एसटीनं जाईन गं. पण अक्काला एसटीत कशी फिरवू?"

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मीही त्यांच्यासोबत गेले. फुलंब्री मागे पडली आणि मला पेट्रोलचा वास यायला लागला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक वळला, वास तसाच. मी मॅडमकडे पाहिलं. त्या मजेत, कुठल्याशा विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होत्या.  इतक्या तिखट नाकाची बाई त्या वासात बसून हसत होती.

"मॅडम, गाडी बाजूला घ्या."

"काय झालं?"

"पेट्रोल."

त्यांचा चेहरा उतरला. लिंबाखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं, मला उतरवून लांब उभं केलं. शेजारच्या टपरीवर विडी ओढणाऱ्या दोघांना असा दम दिला की ते विडीसकट उठून गेले. मग म्हणाल्या, "आता तू नाक, मी डोळे. कुठं जास्त येतोय?"

मी घाबरत घाबरत गाडीभोवती फिरले. पुढे बॉनेटपाशी काही नाही. मागे डिकीपाशी नाकात झणझणलं. मॅडम सत्तरीच्या जवळ आलेल्या, पण पदर खोचून रस्त्यावर आडव्या झाल्या. टाकीच्या खालच्या कडेला, जिथे पत्र्याला पत्रा जोडलेला असतो तिथे, ओल होती. थेंब जमायचा, लोंबायचा, पडायचा. त्यांनी ओलीला बोट लावून पाहिलं. "गार लागतंय. पेट्रोल उडून जातं ना, म्हणून गार," पडल्या पडल्या माझा तास सुरू.

मला वाटलं, आता परत फिरायचं. छे. टपरीवरून त्यांनी कपडे धुवायची साबणाची वडी मागवली. तुकडा हातात मळून मऊ केला, कड पुसून कोरडी केली आणि त्या ओलीवर साबण घासून घासून लिंपला. थेंब थांबला.

"हे असं चालतं?" मी विचारलं.

"साबण पेट्रोलात विरघळत नाय. तात्पुरतं बूच आहे हे. उद्या असलमभाईकडं टाकी उतरवू."

घाट उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला. मी सारखी नाक वर करून बसलेले. पण वास आला नाही. अक्का फाट्यापर्यंत फिरल्या, वारा धरला, आम्ही सुखरूप परत आलो.

असलमभाई म्हणजे जवाहर कॉलनीच्या रस्त्यावरचे गॅरेजवाले. मॅडमच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला खुद्द गाडीलाही चालत नसे. पण सणासुदीच्या गर्दीत त्यांच्याकडे जागा नव्हती. "मॅडम, दसरा होने दो, फिर आरामसे करते. कायकू टेन्शन लेते?" टेन्शन मी घेत होते. मॅडमना बूच धरलंय याची खात्री होती. रोज सकाळी त्या खाली वाकून बघायच्या, थेंब नाही, आणि मला खिडकीतून हात हलवून "सगळं ठीक" सांगायच्या. टाकी दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवणार नव्हत्याच.

दसऱ्याला राहुल आला. सकाळपासून गल्लीत वाहनं धुणं चालू होतं. प्रत्येक दारात पाणी, झेंडूच्या माळा, उदबत्त्या, कापूर. धुराने गल्ली भरून गेली होती. मॅडमनी पहाटेच नळी लावून गाडी धुतली होती. वर्षातून एकदा ती त्यांच्याच हातून धुतली जायची, वरून आणि खालूनही. "पोटाखालची माती कोण काढणार," असं म्हणत त्या वाकून नळीचा फवारा थेट खाली मारायच्या. त्या दिवशीही मारला. साबण पेट्रोलात विरघळत नाही हे मला शिकवणाऱ्या बाईंच्या डोक्यात तो पाण्यात विरघळतो हे त्या घटकेला आलंच नाही. माझ्याही नाही. सणाची धांदल, पोरगा घरी आलेला, आनंदात होत्या.

मी माझ्या फाटकात उभी राहून समोर बघत होते. राहुल नारळ घेऊन उभा. मॅडमच्या हातात ताट, ताटात पेटतं निरांजन. पुढून ओवाळून झालं, बॉनेटवर स्वस्तिक काढून झालं. मग त्या एकेका चाकाला हळदीकुंकू लावत मागे आल्या. मागच्या दिव्यांनाही ओवाळायचं हा त्यांचाच नियम. "पुढचं दिसतं म्हणून पुढंच ओवाळायचं का?" ताट उजव्या हातात घेऊन त्या वाकल्या.

आणि वाकलेल्याच राहिल्या.

फरशीवर धुतल्याचं पाणी साचलं होतं. त्या पाण्यावर जांभळे-हिरवे-पिवळे रंग पसरत चालले होते, त्यांच्या पायापर्यंत. टाकीखालून थेंब पडत होता, एकामागून एक.

मला ते लांबून दिसलं नाही. मला दिसली ती त्यांची पाठ. ती ताठ झाली. त्यांनी निरांजन विझवलं नाही, ठिणगी उडेल म्हणून फुंकरही मारली नाही. दुसरा तळवा ज्योतीभोवती धरला आणि तशाच, उलट्या पावलांनी, सावकाश मागे निघाल्या. नजर पाण्यावर, पाय चाचपडत. रस्त्यावर आल्या, रस्ता ओलांडला, माझ्या फाटकापर्यंत आल्या आणि ताट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आत ने. मागच्या अंगणात."

मग वळल्या आणि तो वर्गातला आवाज निघाला. "राहुल, तसाच लांब हो! उदबत्ती पाण्यात टाक. कुणी गाडीला किल्ली लावायची नाय! पाटील, ती स्कूटर बंदच ठेव. पेट्रोल आहे खाली!"

ताट आत ठेवून मी परत आले. शेजाऱ्याच्या दारातली उदबत्ती, पलीकडच्या वृंदावनातला दिवा, एकेक विझत होतं. चौघांनी मिळून गाडी सुरू न करता ढकलत कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर नेली. पाण्यावर कुणीतरी माती टाकली. त्यानंतरच लोक बोलायला लागले.

 राहुल आईजवळ आला. "आई, बरं झालं तुला दिसलं. मला तर काही कळलंच नाही. या उदबत्त्यांच्या वासात कुणालाच पेट्रोलचा वास आला नसता."

अगदी खरं होतं ते. मलाही आला नव्हता. मॅडमनी फक्त "व्हय" म्हणायचं होतं. गोष्ट तिथेच संपली असती. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो म्हणा. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"उदबत्ती नसती तरी मला आला नसता," त्या म्हणाल्या. "मला वास येतच नाय, राहुल. त्या तापापासून."

 राहुलच्या चेहऱ्यावर सगळे रविवार एकदम आले असावेत, घाट, ट्रक, सगळं. मग तो एवढंच म्हणाला, "आणि तू गाडी चालवत होतीस."

"चालवत होते. मागच्या रविवारीपण गळत होती. साबण मीच लावला आणि आज मीच धुतला."

त्याने हात पुढे केला. मॅडमनी कमरेला खोचलेली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. वाद घातला नाही. वाद न घालणाऱ्या साबळे मॅडम मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या आणि मला रडू आलं. कुणाला दिसू नये म्हणून मी आत गेले.

दुपारी असलमभाई आले. गॅरेजातल्या त्यांच्या भागीदाराने सगळ्या हत्यारांची पूजा मांडली होती, त्यामुळे त्यांनी आणलेल्या पान्यांनाही हळदीकुंकू लागलेलं. आधी उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, कॅन लांब नेऊन ठेवला. मग टाकी धरून ठेवणारा लोखंडी पट्टा सोडला आणि टाकी खाली घेतली. मॅडम शेजारीच. मला वाटत होतं की भोक तिथेच, कडेला, साबण लावलेल्या जागी असणार. असलमभाईंनी फडक्याने पुसून कड उन्हात धरली. कड धडधाकट.

"मॅडम, इधर कुछ नहीं है."

मॅडम वाकल्या. रांगोळीच्या डब्यातली पांढरी पूड मागवली आणि सगळ्या टाकीवर भुरभुरवली. टाकीत थोडं पेट्रोल तळाशी होतंच. असलमभाई टाकी हळूहळू फिरवत राहिले. पट्ट्याखाली जी जागा झाकलेली असते, तिथे रांगोळी करडी पडली. टाचणीच्या टोकाएवढं भोक. तिथून निघालेलं पेट्रोल पट्ट्याखालून वाहत जाऊन कडेला थेंब होऊन लोंबत होतं. साबणाने ती वाट तेवढी अडवली होती.

"पट्टे के नीचे पानी बैठता नं," असलमभाई म्हणाले, "वहींच सडता."

"म्हणजे मी लावलं ते भलत्याच जागी," मॅडम म्हणाल्या. "थेंब दिसला, तिथंच लिंपला." स्वतःवर चिडलेल्या दिसल्या. एरवी दुसऱ्यांवर चिडायच्या तितक्याच मनापासून.

भोक बुजवायची झाळ, म्हणजे धातू वितळवून सांधणं, दुसऱ्या दिवशी गॅरेजात झाली. पेट्रोलच्या टाकीला आग लावायची म्हणजे खेळ नाही, आत नुसती वाफ राहिली तरी घात होतो. साबणपूड आणि कढत पाण्याने टाकी धुतली. मीही गेले होते, सुट्टीच होती. राहुल गाडीपासून लांब, हाताची घडी घालून उभा होता. आईशी धड बोलत नव्हता. मॅडमनी त्याला हाक मारली.

"इकडं ये. वास घेऊन सांग, येतो का अजून."

"असलमभाई बघतील की."

"त्यांचं नाक आयुष्यभर पेट्रोलात गेलंय. माझं गेलंच. तू सांग. मी तुझ्या नाकावर सोडते."

तो आला. टाकीच्या तोंडाशी वाकला. "येतोय."

"परत धुवा, असलमभाई."

परत धुतली. परत तो वाकला. "थोडा येतोय."

"परत."

असं किती वेळा झालं ते मला आठवत नाही. पण हळूहळू त्याची हाताची घडी सुटली, बाह्या वर गेल्या आणि पाण्याची बादली तोच उचलायला लागला. शेवटी तो बराच वेळ वाकून राहिला, डोळे मिटून, आणि म्हणाला, "आता नाही. नाही येत, आई." तरीसुद्धा मॅडमनी भोकाची जागा वर येईल अशी टाकी ठेवून तिच्यात तिथवर पाणी भरायला लावलं. असलमभाईंनी झाळायची चिमणी, ज्योतीचा झोत सोडणारी, पेटवली. आम्ही तिघं भिंतीआड. मॅडमनी राहुलचा दंड घट्ट धरला होता, की राहुलने त्यांचा, सांगता येणार नाही. निळी ज्योत पत्र्यावर फिरली, झाळ वितळून पसरली आणि चिमणी विझली. एवढंच झालं. 

संध्याकाळी राहुल पुण्याला निघाला. किल्ली अजून त्याच्या खिशात. मॅडमनी मागितली नाही, डबा भरून दिला, "पोचल्यावर फोन कर" म्हणाल्या. तो बूट घालून उभा राहिला, परत आत गेला आणि आला. "निघताना कुणाला तरी वास घ्यायला लावायचा. आधी. दर वेळी," तो म्हणाला आणि निघून गेला. किल्ली साहेबांच्या फोटोपुढे ठेवलेली होती. त्याचं मन का फिरलं, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मॅडमनीही विचारलं नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीत एक नवा कार्यक्रम सुरू झाला. दूधवाला असो, पेपरवाला असो, कोणी फिरायला निघालेला अनोळखी गृहस्थ असो, मॅडम फाटकातून हाक मारायच्या, "अहो, जरा इथं येऊन वास घ्या. मला येत नाय." मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जी गोष्ट त्यांनी एवढी लपवली होती, ती आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लोक हसायचे, पण वाकायचे. मॅडम हो-नाही ऐकल्याशिवाय किल्ली लावत नसत.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांचं दुखणं वाढलं. पुतण्याच्या घरी दिवसभर कुणी नसायचं. मॅडमनी घर भाड्याने दिलं आणि फर्दापूरला जाऊन राहायचं ठरवलं. राहुल नको म्हणाला नाही. सामान आदल्या दिवशी टेम्पोने गेलं. सकाळी गाडीत फक्त एक पिशवी, पाण्याची बाटली आणि मॅडम.

मी निरोप द्यायला गेले.  इतकी वर्षं समोरासमोर काढली, भांडलो, उसनं-पासनं केलं. आता समोर कोणी अनोळखी माणसं राहायला येणार होती. मला मनापासून वाटत होतं, ही बाई आज जाऊ नये.

त्यांनी खिडकीची काच खाली केली. "सुनीता, वास घे गं जरा."

मी गाडीच्या मागे गेले, खाली वाकले. फरशी कोरडी होती. हवेत कुठलाच वास नव्हता. मी तशीच वाकून राहिले. मी नुसतं "येतोय" म्हटलं असतं, तर त्या उतरल्या असत्या. असलमभाईंना बोलावणं गेलं असतं, टाकी उतरली असती, दिवस गेला असता, रात्री त्या माझ्याकडे जेवायला राहिल्या असत्या. आणि मी खोटं बोलले हे त्यांना कधीच कळलं नसतं.

"काय गं? येतोय का?"

"नाही येत, मॅडम."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी परत काही विचारलं नाही, खाली उतरून बघितलं नाही. किल्ली फिरवली, अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि गाडी मागे घेतली.